उघडलेलं इंजिन बाटत नाही

जुनी गाडी बघायला आलेला माणूस आमच्या खानदेशातल्या सावद्याचा असो की सुरतेचा, बॉनेट उघडताच त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, इंजिन खोललेलं तर नाही ना?" विकणाराही छातीवर हात ठेवून सांगतो, "कंपनी फिटिंग आहे. आजवर पाना लागलेला नाही." गाडी चाळीस-पन्नास वर्षांची असते, किलोमीटरचा काटा केव्हाच थांबलेला असतो, सायलेन्सरमधून निळा धूर निघत असतो. पण पाना लागलेला नाही एवढ्यावर सौदा जमतो. उलट, एखाद्याने प्रामाणिकपणे सांगितलं की इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधलं आहे, तर गिऱ्हाईक चेहरा पाडतं आणि भाव खाली येतो.

जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत हा समज आणखी पक्का. अशी गाडी हाती असलेल्या माणसाने तिचं इंजिन घरी उतरवून बांधायचं म्हटलं, तर गावातले जाणते त्याला वेड्यात काढतात. या समजाचं खंडन करण्यासाठी हा लेख आहे. पण खंडनाची जुनी शिस्त अशी की आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, त्याला दुबळा करून पाडू नये.

पूर्वपक्षाचे मुद्दे चार आहेत. पहिला : कारखान्यात जी बसवणूक होते ती बाहेर पुन्हा होत नाही, एकदा सुटलेलं इंजिन पहिल्यासारखं राहत नाही. दुसरा : बोअर केलं की सिलिंडरची भिंत पातळ होते, इंजिन तापतं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या खानदेशात ते टिकत नाही. तिसरा : साध्या गाडीचं एक वेळ चालेल, स्पोर्ट्स गाडीचं इंजिन ही नाजूक आणि वेगळी चीज आहे, ते मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांचं काम. चौथा : काहीही असो, घरी तर नाहीच, ओसरी म्हणजे वर्कशॉप नव्हे. हे मुद्दे मांडणारी माणसं अडाणी नाहीत. उघडल्यानंतर बिघडलेली इंजिनं त्यांनी खरोखर पाहिली आहेत. त्यांचं निरीक्षण खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी आजूबाजूला पाहू. भुसावळला रेल्वेचा विद्युत इंजिनांचा कारखाना आहे. तिथे ठरावीक मुदतीने इंजिनं आणून त्यांच्या मोटरी, चाकं, बेअरिंगं उघडली जातात, तपासली जातात आणि पुन्हा बसवली जातात. 'पीओएच' (पीरिऑडिक ओव्हरहॉल) हा शब्द भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या पोरांनाही माहीत असतो. एसटीच्या बसचं इंजिन आयुष्यात अनेकदा उतरतं, रिकंडिशन होऊन पुन्हा चढतं, आणि त्याच बसने आपण निर्धास्त जळगावला जातो. धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावर वैमानिक घडवले गेले. अशा प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ सारख्या विमानांच्या लायकमिंग इंजिनांना साधारण २००० तासांनी पूर्ण उघडून बांधण्याची मुदत उत्पादकानेच घातलेली असते. आकाशात जाणारं इंजिन मुदतीत उघडलं नाही तर ते धोकादायक मानलं जातं. आणि रस्त्यावरचं इंजिन उघडलं तर ते बाटलं! हे सोवळं आलं कुठून?

त्याहून जवळचा पुरावा केळीच्या मळ्यात आहे. विजेचे पंप सर्वत्र पोचण्यापूर्वी रावेर-यावल पट्ट्यातल्या विहिरींवर डिझेल इंजिनं धडधडत असत. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं एव्ही-१ हे त्यातलं घराघरात ओळखीचं नाव : एक सिलिंडर, ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, ५५३ सीसी, मिनिटाला १५०० फेऱ्यांवर पाच हॉर्सपॉवर. ज्या भिंतीवर पिस्टन घासतो तो लायनरच त्यात बदलता येतो. इंजिनाने दम टाकला की शेतकरी लायनर-पिस्टनचं किट आणत, गावचा फिटर बोलावत आणि विहिरीच्या काठावर, लिंबाच्या सावलीत इंजिन उघडून दुसऱ्या दिवशी पाणी सुरू करत. बागेला पाणी चुकलं की घड बारीक राहतो. हा व्यवहार करणाऱ्यांना इंजिन उघडण्याची भीती परवडण्यासारखी नव्हती. त्याच घरातला मुलगा आज मोटारीला पाना लावायला घाबरतो, ही परंपरा नव्हे, परंपरेचा विसर आहे.

आता मुद्द्यांकडे वळू. तिसरा आधी घेतो, कारण बाकीच्या भीतीचं मूळ तिथे आहे.

स्पोर्ट्स गाडी म्हटली की तिचं इंजिन काहीतरी अलौकिक असणार, असं आपण धरून चालतो. इतिहास वेगळं सांगतो. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९५५ साली एमजीए बाहेर पडली. दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची गाडी. १९६२ पर्यंत अशा एक लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि बहुतेक इंग्लंडबाहेर गेल्या. पहिल्या चार वर्षांच्या एमजीएत इंजिन होतं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं : १४८९ सीसी, बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, तीन मेन बेअरिंगं, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. आता बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सकडे या. १९५७ साली मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर अँबेसेडर आली तेव्हा तिच्यात जुन्या घडणीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. थोड्याच काळात त्याच्या जागी ओव्हरहेड व्हॉल्व्हचं इंजिन आलं. तेही बी-सिरीजचं, तेच १४८९ सीसी, तोच बोअर, तोच स्ट्रोक.

म्हणजे जी गाडी तहसीलदारांच्या दारात उभी असायची, जी नवरदेवाला फुलांनी झाकून न्यायची, तिच्या इंजिनाचं आणि त्या काळच्या नावाजलेल्या स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनाचं कूळ एक. फरक अर्थातच आहेत. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन, वेगळा कॅमशाफ्ट; त्यामुळे तिथे ७२ हॉर्सपॉवर निघते, अँबेसेडर पन्नासच्या आसपास थांबते. पण इंजिन बांधणाऱ्याच्या हाताला हे फरक किती जाणवतात? क्रँक तशीच मोजायची, रॉड तसेच बसवायचे, पेटण्याचा क्रम तोच १-३-४-२. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर अँबेसेडरची इंजिनं नीट बांधली, त्याला एमजीएच्या इंजिनासमोर नवखा म्हणण्याचं कारण नाही. शिकावं लागतं ते दोन कार्ब्युरेटरांची हवा सारखी करण्याचं तंत्र, आणि ते इंजिनाच्या बाहेरचं काम आहे.

हे एकच उदाहरण नव्हे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी तयार झाली. तिचं इंजिन १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ते दशकानुदशकं रात्रंदिवस पळवलं. याच फियाट ११०० कुळातल्या, याच मापाच्या इंजिनावर दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत सिसितालिया २०२ उभी राहिली, आणि १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मोटारींना कलावस्तू म्हणून मांडलं तेव्हा निवडलेल्या आठ गाड्यांत ती होती. आपल्या शेजारच्या गोव्यात गेल्या शतकाच्या अखेरीस निघालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची गाडीही रेनोच्या छोट्या कौटुंबिक गाड्यांतल्या ११४९ सीसी इंजिनावरच चालत असे. कमी खर्चातल्या स्पोर्ट्स गाड्यांची रीतच ही : अंगकाठी हलकी करायची, बसणं खाली आणायचं, आणि इंजिन घरच्या गाडीचंच थोडं चढवून घ्यायचं.

अपवाद मान्य केला पाहिजे. त्याच एमजीएची 'ट्विन कॅम' नावाची आवृत्ती १९५८ ते १९६० या काळात निघाली. दोन कॅमशाफ्ट डोक्यावर, कॉम्प्रेशन ९.९ ला १. तिचे पिस्टन जळू लागले, तिची बदनामी झाली आणि दोन हजारांच्या थोड्या वर गाड्या निघाल्यावर ती बंद करावी लागली. अशा इंजिनाला गावठी हात लावू नये हे पूर्वपक्षाचं म्हणणं मी मान्य करतो. पण अपवादाची भीती नियमाला लावणं हा तर्क नव्हे.

आता पहिला मुद्दा, 'कंपनी फिटिंग'. याचं उत्तर कंपनीनेच छापून ठेवलं आहे. बी-सिरीज इंजिनाच्या सुट्या भागांची यादी काढा. मूळ मापाच्या पिस्टनखाली १०, २०, ३०, ४० थाऊ मोठे पिस्टन दिलेले आहेत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बेअरिंगंही तशीच, घासलेल्या क्रँकला बसतील अशी १०, २०, ३०, ४० थाऊंनी कमी मापाची. आपले मिस्त्री सहज बोलून जातात, "क्रँक विसावर आहे, अजून दोन कामं निघतील." हे वाक्य म्हणजे कारखान्याच्या मूळ योजनेचाच उच्चार आहे. इंजिन कधी उघडूच नये असं कारखान्याला वाटत असतं तर त्याने मोठे पिस्टन ओतले कशाला असते? पहिल्या बसवणुकीइतक्याच पुढच्या चार बसवणुकीही त्या आराखड्यात धरलेल्या आहेत.

राहिला गुणवत्तेचा प्रश्न. कारखान्यात इंजिनांची रांग चालू असते. प्रत्येक भागाला थोडी कमी-जास्त सूट मान्य केलेली असते आणि त्या सुटीत बसणारा भाग पुढे जातो. घरी एकच इंजिन बांधणाऱ्याला घाई नसते. तो चार पिस्टन आणि चार रॉड वजनकाट्यावर घालतो, सगळ्यात हलका धरून बाकीचे योग्य जागी घासून त्याच्या बरोबरीला आणतो. बेअरिंगची फट चारही ठिकाणी पुस्तकाच्या मर्यादेच्या मधोमध आणतो. शर्यतीची इंजिनं बांधणारे करतात ते हेच. शिवाय वापरलेलं बीड नव्यापेक्षा शांत असतं. ओतताना धातूत राहिलेले ताण तापण्या-निवण्याच्या हजारो फेऱ्यांत सुटून जातात. १९८३ साली नेल्सन पिके ज्या ब्रॅबम-बीएमडब्ल्यूने फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तिच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाचा ब्लॉक बीएमडब्ल्यूच्या साध्या मोटारीच्या ब्लॉकवर आधारलेला होता, आणि त्यासाठी रस्त्यावर भरपूर चाललेले ब्लॉक पसंत केले जात अशी त्याची ख्याती आहे.

दुसरा मुद्दा भिंतीच्या जाडीचा. इथे आकडेच बोलू द्यावेत. ४० थाऊ म्हणजे एक मिलिमीटर, आणि तोही व्यासात. प्रत्येक बाजूने भिंत अर्धा मिलिमीटर खरवडली जाते. १४८९ सीसीचं इंजिन त्याने १५३० च्या आसपास जातं. वाढ तीन टक्क्यांहून कमी. एवढ्याने इंजिन तापत असेल तर मुळातच दुसरं काही चुकलेलं आहे. ते काय, हे तापीकाठी राहणाऱ्याला परक्याने सांगायला नको. आपल्या विहिरींचं आणि कूपनलिकांचं पाणी जड. तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांत चुन्याचे थर बसतात, मागच्या सिलिंडरभोवती गाळ साचतो, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आतलं पाणी फिरत नाही, आणि दोष जातो बोअरिंगवर. हा गाळ बाहेरून कोणत्याही औषधाने पूर्ण निघत नाही. ब्लॉक मोकळा करून, बाजूची पत्र्याची बुचं काढून, तार घालून तो खरवडावा लागतो. म्हणजे तापणाऱ्या जुन्या इंजिनावर उघडणं हाच उपाय आहे. पूर्वपक्ष औषधालाच रोग म्हणतो आहे. भिंत खरोखर चाळिसाच्या पुढे गेली असेल तर स्लीव्ह घालून मूळ मापावर परत येता येतं. ते काम भुसावळ-जळगावच्या बोअरिंगवाल्यांना नवीन नाही.

चौथा मुद्दा घराचा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबून पाहू. घरी इंजिन बांधणं म्हणजे सगळं घरी करणं नव्हे. बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचा फेस मारणं, व्हॉल्व्हच्या सीटा बसवणं ही यंत्राची कामं आहेत आणि ती यंत्रावरच झाली पाहिजेत. घरी राहतात ती तीन कामं : मोजणं, धुणं आणि बसवणं. गंमत अशी की इंजिनाचं आयुष्य ठरतं ते या तिन्हींवर, आणि गॅरेजात घाईमुळे कुचंबणा होते तीही यांचीच.

मोजणं कसं ते पाहा. हेड निघालं की सिलिंडरच्या वरच्या काठाला नखाने चाचपून पाहतात. रिंग जिथपर्यंत जाते तिथे एक कड लागते. ती कड म्हणजे न झिजलेला मूळ बोअर, आणि तिच्या खालचा भाग झिजलेला. झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन वर थांबतो तिथे तेलाचा थर पातळ, स्फोटाचा दाब जास्त, म्हणून झीज वरच्या टोकाला सर्वांत अधिक. शिवाय रॉड तिरका होऊन पिस्टनला एका बाजूला दाबतो, त्यामुळे बोअर अंडाकृती होतो. म्हणून बोअर गेज वर, मध्ये, खाली अशा तीन पातळ्यांवर आणि प्रत्येक पातळीवर दोन दिशांनी धरायचं : एकदा क्रँकच्या रेषेत, एकदा तिच्या आडवं. एका सिलिंडरचे सहा आकडे, चार सिलिंडरांचे चोवीस. ते वहीत लिहायचे. त्या चोवीस आकड्यांतून पिस्टन कितीचा मागवायचा हे ठरतं. "विसाचं टाकून देऊ" असं नजरेने ठरवणं म्हणजे मोजणं नव्हे.

बेअरिंगचंही तसंच. या इंजिनाच्या क्रँकपिनला बिग एंडची फट एक ते अडीच थाऊ असावी लागते, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. ती मोजायला मेणासारख्या मऊ पदार्थाचा बारीक दोरा मिळतो, प्लास्टिगेज. कोरड्या पिनवर त्याचा तुकडा ठेवायचा, कॅप बसवायची, टॉर्क रेंचने ३५ फूट-पाउंडांवर आवळायची, क्रँक तसूभरही न फिरवता पुन्हा सोडायची. दोरा चपटा झालेला असतो. पाकिटावरच्या पट्टीशी त्याची रुंदी ताडून पाहिली की फट कळते. जास्त चपटा म्हणजे फट कमी. यात कोणती विद्या आहे जी सावद्याच्या ओसरीवर येऊ शकत नाही?

धुण्याबद्दल तर उलटी तक्रार करायला हवी. बोअर आणि होन होऊन आलेला ब्लॉक बऱ्याच ठिकाणी पेट्रोल किंवा रॉकेलने पुसून लगेच बांधायला घेतात. होनिंगच्या दगडाची बारीक पूड त्याने निघत नाही. ती बिडाच्या रेघांत रुतून बसते आणि पहिल्याच तासात नव्या रिंगांना खाऊ लागते. तिला गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. धुऊन, लगेच कोरडं करून, तेल लावलेलं पांढरं सुती फडकं बोअरमध्ये फिरवायचं. फडकं करडं निघालं तर पुन्हा धुवायचं. ते पांढरं निघेपर्यंत धुवायचं. तेलाच्या वाटांच्या टोकांची बुचं काढून आतून लांब ब्रश घालायचा. एवढी सवड दुकानात कोण काढतो? गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, पुढचं काम दारात असतं. घरच्या माणसाला ही सवड असते, तेच त्याचं भांडवल.

धुळीचा आक्षेप मात्र रास्त आहे. चैत्र-वैशाखात वावटळी उठतात तेव्हा उघड्या अंगणात बेअरिंग बसवू नये. काम उन्हाळ्यात सुरू करून ब्लॉक आणि क्रँक बोअरिंगवाल्याकडे द्यावे आणि जोडणी दिवाळीनंतरच्या शांत हवेत, बंद खोलीत करावी. प्रत्येक भाग स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर चिठ्ठी. दीडशे किलोंहून जड इंजिन उतरवायला भक्कम तिपाई आणि चेन ब्लॉक हवाच. धाब्याच्या घराच्या लाकडी तुळईला साखळी बांधण्याचं धाडस कोणी करू नये. खोली, टॉर्क रेंच, मायक्रोमीटर, बोअर गेज आणि धीर यांपैकी एखादी गोष्ट नसेल तर घरी काम करू नये, इथवर पूर्वपक्षाशी माझं भांडण नाही.

आता मंडनाची बाजू एक पाऊल पुढे नेतो. जुनं इंजिन न उघडणं ही आज निव्वळ भित्री निवड नाही, ती चुकीची निवड आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याआधीच्या इंजिनांत पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरत असे. तो गेल्यावर मऊ बिडाची सीट जोराच्या चालण्यात खचत जाते, टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह जळतो. कायमचा उपाय एकच : हेड काढून कठीण धातूच्या सीटा बसवणं. आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. सील तर पन्नास वर्षांत दगडासारखे होतातच. म्हणजे ज्या इंजिनाला "आजवर पाना लागलेला नाही" ते आजच्या इंधनावर चालण्यालायक नाही, असाच त्या वाक्याचा अर्थ निघतो.

दुसरी पळवाट म्हणजे इंजिनच बदलणं. जीप आणि अँबेसेडरमध्ये मॅटॅडोरचं डिझेल इंजिन टाकण्याची आपल्याकडे एके काळी लाटच होती. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला ते शोभलं. पण जपण्याच्या गाडीत तो मार्ग बंद आहे. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यात गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. मूळ ब्लॉक, त्यावरचा मूळ क्रमांक आणि मूळ घडण टिकवायची तर ते इंजिन पुस्तकाच्या मापांनुसार बांधणं एवढाच रस्ता उरतो.

मग उघडलेली इंजिनं का बिघडतात? कारण त्यांतली बरीचशी अर्धवट उघडलेली असतात. "पूर्ण काम नको, नुसत्या रिंगा टाकून द्या" असं मालक म्हणतो आणि अंडाकृती बोअरमध्ये गोल रिंगा जातात. महिन्याभरात तेल पुन्हा जळू लागतं. रिंगेची टोकं बोअरमध्ये घालून फीलर गेजने तपासली जात नाहीत. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि भिंतीला ओरखडे पडतात. क्रँक ग्राइंड करण्याऐवजी पॉलिश पेपरची पट्टी फिरवून नवी बेअरिंगं बसवतात. हेडचे नट हाताच्या अंदाजाने आवळतात. नवा कॅमशाफ्ट बसवून पहिल्यांदा सुरू केलेलं इंजिन कौतुकाने आयडलिंगवर ठेवून सगळे चहा प्यायला जातात. खरं तर त्या वेळी ते पहिली वीस मिनिटं दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालायला हवं, म्हणजे कॅम आणि टॅपेट यांना तेलाचा शिडकाव मिळतो. यातला एकही दोष उघडण्याचा नाही. प्रत्येक दोष न मोजण्याचा किंवा काम मध्येच सोडण्याचा आहे. पूर्वपक्षाने पाहिलेली बिघडलेली इंजिनं खरी. आरोपी मात्र त्याने चुकीचा धरला.

खर्चाचा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला, कारण तो वादाचा नाही. जपण्याच्या गाडीवर कोणी नफ्यासाठी खर्च करत नाही, आणि जो नफ्यासाठी करतो त्याने तो करू नये.

निर्णय असा. इंजिन उघडलं म्हणून त्याची पत जात नाही. मोजमाप न करता बंद केलं म्हणून जाते. जुन्या स्पोर्ट्स गाडीचं साधं, बिडाचं, पुशरॉडचं इंजिन यंत्राची कामं यंत्रावर करून बाकीचं घरी बांधणं हे सावद्यासारख्या गावात शक्य आहे, आणि मन लावून केलं तर घाईच्या दुकानापेक्षा चांगलं होऊ शकतं. तेव्हा जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा "इंजिन खोललं आहे का?" हा प्रश्न सोडून द्या. खोललं असेल तर वही मागा : बोअर कितीवर आहे, क्रँक कितीवर, बेअरिंगची फट किती निघाली, रिंगेची किती, नट कितीवर आवळले. वही असेल तर दोन पैसे जास्त द्या. वही नसेल आणि पानाही लागलेला नसेल, तर भाव पाडून मागा, कारण ते काम आता तुम्हालाच करायचं आहे.